बुरशी आणि बेसावधपणा

पावसाळा लागला, की घरातील वडीलधाऱ्या बाईचे लक्ष प्रथम लोणच्याच्या बरणीकडे जाते. दादरा सोडून ती आत डोकावते, फोडी तेलात बुडालेल्या आहेत ना हे पाहते, आणि तेल खाली गेले असेल तर नवे तेल गरम करून, निववून वरून ओतते. तेलाचा थर बोटभर उभा असेपर्यंत बरणीला भय नसते. एखादा ओला चमचा आत गेला किंवा एखादी फोड तेलाबाहेर उघडी पडली, की चार दिवसांत तिच्यावर पांढरी लव दिसू लागते. मग आपण म्हणतो, लोणच्याला बुरशी आली. वस्तुतः तिचे बीज हवेत आधीपासून तरंगतच होते. ते रोज त्या बरणीवर उतरत होते आणि रोज वाया जात होते. बदल झाला तो बरणीत.

ही घरगुती गोष्ट आज आठवण्याचे कारण म्हणजे इंदूरहून आलेले एका वाचकभगिनींचे पत्र. त्यांच्या सासूबाई संधिवातासाठी गेली काही वर्षे डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइडच्या गोळ्या घेत आहेत. यंदा घराच्या मागच्या भिंतीला ओल आली आणि तिच्यावर काळे डाग उमटले. शेजारच्या कोणी सांगितले, हीच ती काळी बुरशी. स्टिरॉइड घेणाऱ्यांनाच ती धरते. तेव्हापासून सासूबाईंनी गोळ्या बंद करण्याचा हट्ट धरला आहे. ‘भिंत पाडावी, की गोळ्या बंद कराव्यात?’ असे या भगिनींनी विचारले आहे.

आम्ही वैद्य नव्हे. उभी हयात मुलांना शब्दांचे अर्थ सांगण्यात गेली. तथापि या प्रकरणात शब्दानेच अर्धा घोटाळा केला आहे असे आमच्या ध्यानी आले. म्हणून जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि स्वतः वाचून जे समजले, ते या सदरातून मांडीत आहोत. पत्र एका घरातून आले असले, तरी मधुमेही माणूस किंवा दीर्घकाळ औषधावर असलेले वृद्ध आज ज्या घरात नाही, असे घर विरळाच.

प्रथम नावाचाच विचार करू. २०२१ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी जिला ‘काळी बुरशी’ म्हटले, त्या रोगाचे शास्त्रीय नाव म्युकरमायकोसिस. तो निर्माण करणारी बुरशी काळी नसते. तिचे तंतू पांढुरके असतात. पुढे बीजाणू धरले म्हणजे ती राखाडी किंवा करडी दिसते. शिळ्या पावावर कापसासारखी जी बुरशी वाढते, ती बहुधा रायझोपस जातीची असते, आणि माणसाला होणाऱ्या या रोगातही रायझोपसचाच हात सर्वाधिक आढळतो. काळी पडते ती रोग्याची त्वचा, त्याची टाळू, त्याच्या नाकातील मांस. रक्त न पोहोचल्यामुळे मेलेल्या मांसाचा तो काळिमा आहे. परिणामाचा रंग कारणाला चिकटला, आणि काळे दिसेल त्याचे भय लोकांच्या मनात बसले. त्या दिवसांत कांद्याच्या सालीवरील काळी भुकटी आणि शीतकपाटाच्या रबरावरील काळे डाग म्हणजेच हा रोग, अशी अफवा गावोगाव पसरली होती. कांद्यावरील ती भुकटी सामान्यतः निराळ्याच जातीच्या बुरशीची असते. तो कांदा धुऊन, सोलून आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर चिरला.

दुसरा गैरसमज असा, की हा रोग करोनाबरोबर नव्याने जन्मास आला. पाल्टाउफ नावाच्या वैद्याने १८८५ साली माणसातील या रोगाची पहिली सुस्पष्ट नोंद केली. पुढे १९४३ साली अमेरिकेत तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिघांनाही मधुमेह होता, तिघांचाही मधुमेह हाताबाहेर गेलेला होता, आणि तिघांमध्येही बुरशी नाकाच्या बाजूने डोळ्याकडे व मेंदूकडे गेली होती. म्हणजे साखर आणि ही बुरशी यांचे सख्य वैद्यकाला ऐंशी वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या देशात चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील तज्ज्ञ तर करोनाच्या कितीतरी आधीपासून या रोगाच्या वाढीकडे लक्ष वेधीत होते. करोनापूर्व काळातील एका अंदाजाप्रमाणे भारतात दर दहा लाख लोकांमागे सुमारे १४० जणांना हा रोग होत असे, आणि हे प्रमाण जगाच्या सरासरीच्या सुमारे ७० पट होते. धोक्याची घंटा वाजत होती. ऐकणारे मोजके होते.

आता मूळ प्रश्न. ज्या बुरशीचे बीजाणू आपण प्रत्येक श्वासाबरोबर आत घेतो, ती आपणा सर्वांना का खात नाही? याचे पहिले उत्तर आपल्या अंगाच्या उबेत आहे. पृथ्वीवर बुरशीच्या जाती असंख्य, परंतु ३७ अंश तापमानात सुखाने वाढू शकतील अशा अगदी थोड्या. सस्तन प्राण्याचे ऊबदार शरीर हाच बहुसंख्य बुरशींना मोठा अटकाव आहे. रायझोपस आणि तिच्या भावंडांना ही ऊब सोसते, म्हणून त्यांच्यासाठी शरीराने दुसरा पहारा ठेवला आहे. नाकातील व फुप्फुसातील भक्षक पेशी आत आलेला बीजाणू गिळतात आणि त्याला रुजू देत नाहीत. एखादा रुजलाच, तर रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात व त्याच्या तंतूंवर तुटून पडतात. निरोगी माणसात ही लढाई रोज होते आणि त्याला तिचा पत्ताही लागत नाही.

मधुमेह अनावर झाला म्हणजे या पहाऱ्याला तीन बाजूंनी खिंडार पडते. साखरेच्या पाकात वावरणाऱ्या पांढऱ्या पेशी मंद होतात. त्यांना शत्रूपर्यंत वेळेवर पोहोचता येत नाही व पोहोचल्या तरी नीट मारता येत नाही. दुसरी बाजू लोहाची. बुरशीला वाढीसाठी लोह लागते, आणि निरोगी रक्तातील लोह एका प्रथिनाने आपल्या मुठीत धरून ठेवलेले असते. इन्सुलिनच्या अभावी रक्तात आम्ल साचू लागले, की ही मूठ सैल होते आणि मोकळे झालेले लोह बुरशीच्या पानात पडते. तिसरी बाजू रक्तवाहिन्यांची. साखर आणि आम्ल वाढले, की वाहिन्यांच्या अस्तरावर अशी काही प्रथिने वाढतात, की ज्यांना धरून ही बुरशी आत शिरते. एकदा आत शिरली, की तिचे तंतू वाहिनीतच वाढतात, रक्त गोठते, पुढचा प्रवाह थांबतो आणि त्या वाहिनीवर जगणारे मांस मरते. नाकापासून गालाच्या पोकळीत, तेथून टाळूत आणि डोळ्याच्या खोबणीत, आणि तेथून मेंदूत असा हा प्रवास काही दिवसांत, कधी कधी काही तासांत पुढे सरकतो. उपचार होऊनही साधारण निम्म्या रुग्णांच्या प्राणावर बेतते, असा पूर्वीचा अनुभव आहे.

हेच खिंडार इतर कारणांनीही पडते. रक्ताचा कर्करोग आणि त्यावरील औषधे यांनी पांढऱ्या पेशी कमी होतात. मूत्रपिंड किंवा अन्य अवयव बदललेल्या माणसाला, परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून, स्वतःची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. आणि स्टिरॉइड हे असे औषध आहे, की ते एका हाताने भक्षक पेशींना निजवते आणि दुसऱ्या हाताने रक्तातील साखर चढवते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत या दोन्ही हातांचे काम एकदम दिसले. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले होते, की ज्या करोना रुग्णांना ऑक्सिजन द्यावा लागतो त्यांच्यात डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम व अधिकात अधिक दहा दिवस दिल्याने मृत्यू कमी होतात. हजारो प्राण त्याने वाचवले, हे विसरता कामा नये. परंतु त्याच चाचणीने हेही सांगितले होते, की ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा लाभ नाही, अपाय मात्र संभवतो. निष्कर्षाचा पूर्वार्ध घरोघर पोहोचला. उत्तरार्ध वाटेतच राहिला.

जून २०२१ च्या अखेरीस केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी दिलेले आकडे आम्ही वहीत उतरवून ठेवले आहेत. तोवर देशात या रोगाचे ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले होते. त्यांपैकी ३१,३४४ जणांत तो नाक व मेंदूच्या बाजूचा होता. शंभरांतील सुमारे ८५ जणांना करोना होऊन गेला होता, ६४ जणांना मधुमेह होता आणि ५२ जणांना स्टिरॉइड दिले गेले होते; अर्थात एकाच माणसात दोन-तीन कारणे एकत्र होती. पुढच्याच महिन्यात रुग्णांचा आकडा ४५ हजारांच्या वर गेला आणि मृत्यू ४,३०० हून अधिक झाले. गुजरात व महाराष्ट्र यांत रुग्ण सर्वाधिक होते. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, हैदराबादेत कोठी येथील शासकीय कान-नाक-घसा रुग्णालयात आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी कोणासाठी तरी खेटे घातले असतील. आणखी एक आकडा आम्हांस फार बोचला. जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्ण साठीच्या आतले होते. म्हणजे ही मोडकळीला आलेल्या देहांची गोष्ट नव्हती. ती कर्त्या, कमावत्या माणसांची होती.

त्या कर्त्या माणसांपैकी एक आमच्याच शाळेतले सहशिक्षक. नाव सांगण्याची गरज नाही. गणित शिकवीत, आणि सबंध वर्गाकडून पाढे म्हणवून घेताना त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जाई. काही वर्षांपूर्वी शाळेत झालेल्या तपासणी शिबिरात त्यांच्या रक्तात साखर निघाली होती. घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. बापाला मधुमेह आहे हे पाहुण्यांच्या कानी जाऊ नये म्हणून त्यांनी तो कागद कपाटात ठेवला आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून स्वस्थ बसले. लग्न झाले, जावई भला निघाला, नातू झाला. कागद कपाटातच राहिला. पत्नीलाही कल्पना नव्हती. चहात साखर दोन चमचे पडत होती.

एप्रिल २०२१ मध्ये त्यांना ताप आला. रक्तातील ऑक्सिजन ९७ होता, धाप नव्हती. मेहुण्यांना ज्या गोळ्यांनी गुण आला त्यांची चिठ्ठी फोनवर आली. औषधांच्या दुकानात कोणी काही विचारले नाही. आणि तिसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड सुरू झाले. ताप एका दिवसात उतरला, भूक लागली. त्या गोळीची त्यांनी आमच्याजवळही फोनवरून वाखाणणी केली आणि आम्हीही ‘फार चांगले झाले’ म्हणून मोकळे झालो. एका बाजूने दबलेला ताप आणि दुसऱ्या बाजूने चढत चाललेली साखर असे ते पंधरा दिवस गेले. मग डावा गाल बधिर झाला आणि त्याच बाजूची वरची दाढ ठणकू लागली. दाढच ती, म्हणून लवंगेचे तेल लावण्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी डोळ्याची पापणी उतरली व एकाचे दोन दिसू लागले, तेव्हा मुलगा त्यांना घेऊन रुग्णालयात धावला. तेथे रक्त तपासले, आणि कपाटातला कागद पहिल्यांदा घरच्यांच्या समोर आला.

या रोगावर निव्वळ औषध पुरत नाही. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. ते मांस शस्त्रक्रियेने काढावेच लागते. आमच्या स्नेह्यांचा डावा डोळा आणि टाळूचा एक भाग काढावा लागला. औषधांतील मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देशातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५० च्या दशकात ते मिळाले. ते प्रभावी खरे, पण मूत्रपिंडाला जाचक. म्हणून मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेला त्याचा सौम्य प्रकार पसंत केला जातो. त्याचे प्रमाण दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम, आणि एका कुपीत ५० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या, तीन आठवड्यांना सव्वाशे. हे गणित एका रुग्णाचे. हजारो रुग्ण एकाच महिन्यात आले तेव्हा औषध कोठून पुरावे? जून २०२१ मध्ये त्यावरील वस्तू व सेवा कर माफ झाला, उत्पादन वाढवले गेले. परंतु मे महिन्यात ज्यांची मुले एकेका कुपीसाठी गावोगाव फिरली, त्यांना ते दिवस जन्मभर आठवतील. गणिताच्या गुरुजींचा मुलगा त्यांपैकीच एक.

गुरुजी वाचले. जून २०२२ मध्ये ते शाळेत परत आले, तेव्हा चष्म्याची एक काच काळी होती. टाळूला भोक राहिले की तोंडातील हवा नाकावाटे निसटते, आणि ‘प’ व ‘ब’ यांचा उच्चार ‘म’ सारखा होतो. टाळूला कृत्रिम तबकडी नीट बसेपर्यंत त्यांच्या तोंडून ‘बारा’ शब्द ‘मारा’ असा येई. पाढे घेण्याचे काम त्यांनी आपण होऊन दुसऱ्यावर सोपवले होते. तबकडी पुन्हा मापात करून घेतल्यावर एके सकाळी त्यांनी बाराचा पाढा सुरू केला. वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग त्यांच्या मागून म्हणू लागला.

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. ते परत आले त्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत त्यांचा चहाचा कप निराळा ठेवला गेला. कोणी सांगितले नव्हते; तो निराळा झाला. आणि त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसणाऱ्यांत आम्हीही होतो. हा रोग माणसापासून माणसाला होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे मुख्याध्यापकाला ठाऊक असावयास हवे होते. ठाऊक नव्हते, आणि विचारण्याचेही सुचले नाही. गुरुजींनीच एके दिवशी तो कप उचलून इतर कपांत ठेवला आणि म्हणाले, ‘सर, ही बुरशी तुमच्याही नाकात जाते रोज. माझ्यात तिला राहायला जागा मिळाली, एवढंच. जागा मी दिली.’ त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांच्या शेजारी बसू लागलो.

‘जागा मी दिली’ हे त्यांचे बोलणे आम्ही पुष्कळदा मनात घोळवले. ते पूर्ण खरे नाही. कर्करोगाच्या किंवा अवयवरोपणाच्या रुग्णाने कोणतीही जागा दिलेली नसते. उपचारानेच त्याचा पहारा उठवलेला असतो. आणि गुरुजींच्या बाबतीतही, लपवण्याची पाळी ज्या समाजाने त्यांच्यावर आणली, त्या समाजात आपण सारेच आलो. मधुमेह म्हणजे खानदानाला लागलेला बट्टा असल्यासारखे वधूवरांच्या बोलण्यांत वागणारे आपण. वाढदिवसाला आग्रहाने दुसरी जिलबी वाढणारे आपण. ‘एका गोळीने काय होते’ म्हणून आपल्या घरची चिठ्ठी दुसऱ्याच्या घरी पाठवणारेही आपणच. रोग्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या बोलण्यातील कळीचा शब्द खरा आहे. बुरशीला जागा लागते, आणि ती जागा पुष्कळदा भरून काढता येते.

याचे महत्त्व पुढे वाढतच जाणार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रमाणात सर्वांत वरचा क्रमांक गोव्याचा, २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून किंचित अधिक. दुसरीकडे वैद्यकाच्या प्रगतीमुळे मूत्रपिंड बदललेली, कर्करोगातून उठलेली, संधिवातावर प्रभावी औषधे घेऊन हिंडती-फिरती झालेली माणसे घराघरांत वाढत आहेत. ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यांचा पहारा कमजोर असतो, आणि कमजोर पहाऱ्याची बातमी सूक्ष्मजीवांना लवकर लागते. २००९ साली जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानात सापडलेली कॅन्डिडा ऑरिस नावाची किण्वजात थोड्याच वर्षांत जगभरच्या रुग्णालयांत पोहोचली. ती मात्र रुग्णालयातील हातांवरून व वस्तूंवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते आणि बऱ्याच औषधांना दाद देत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला अपाय करणाऱ्या १९ बुरशींची पहिली यादी काढली. तिच्यात ही कॅन्डिडा सर्वांत गंभीर गटात आहे, आणि आपली रायझोपस ज्या कुळातली, ते कूळ त्याच्या खालोखालच्या गटात.

आता इंदूरच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. बाई, भिंत पाडू नका आणि गोळ्याही बंद करू नका. भिंतीवरचे काळे डाग म्हणजे तो रोग नव्हे. तरीही प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ओलीच्या खोलीत ठेवणे कोणत्याही बुरशीच्या दृष्टीने बरे नाही. सासूबाईंना कोरड्या, उजेडाच्या खोलीत हलवा. भिंत घासण्याचे काम घरातील धडधाकट माणसाने नाकातोंडावर मास्क लावून करावे, त्या तेथे नसताना करावे, आणि मूळ गळती बंद करावी. कुंड्यांतील माती उकरणे, शेणखत कालवणे ही कामेही आता त्यांच्याकडून काढून घ्या. बुरशी आलेला पाव वा भाकरी कड कापून वाढू नका, सबंध टाकून द्या.

गोळ्यांविषयी विशेष सावधगिरी हवी. स्टिरॉइड दीर्घकाळ घेतले, की शरीर स्वतःचा तसला स्राव बनवणे कमी करते. गोळी एकाएकी थांबवली तर बाहेरचे बंद आणि आतले निजलेले, अशा स्थितीत रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकते. मात्रा कमी करावयाची असेल तर ती डॉक्टरच पायरी-पायरीने करतील. तुम्ही विचारावयाचे ते असे: ‘एवढी मात्रा अजून लागते का? आणि साखर किती दिवसांनी तपासावी?’ स्टिरॉइडने जेवणानंतरची साखर विशेष चढते, म्हणून नुसती उपाशीपोटीची तपासणी पाहून निर्धास्त राहू नये. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही करून घ्यावी.

आणि शेवटी, साऱ्याच वाचकांनी लक्षात ठेवावीत अशी लक्षणे. मधुमेही किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचे एकाच बाजूचे नाक चोंदणे, नाकातून रक्तमिश्रित वा काळसर स्राव येणे. एका बाजूचा गाल दुखणे, सुजणे वा बधिर होणे. वरचे दात एकाएकी हलू लागणे. डोळ्याला सूज येणे, पापणी उतरणे, एकाचे दोन दिसणे. टाळूवर काळा डाग पडणे. यांपैकी एकही दिसले तर लवंगेचे तेल नको, उद्याची वाट नको. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. नाकात दुर्बीण घालून घेतलेला लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बुरशीचे रुंद तंतू काही तासांत दिसू शकतात. तीन दिवसांचा फरक केवढा असतो, हे आमच्या गुरुजींच्या चष्म्याच्या काळ्या काचेने आम्हांस शिकवले आहे.

गुरुजी आता निवृत्त झाले. जाताना त्यांनी एक रीत मागे ठेवली. हजेरीपुस्तकाच्या शेजारी ते एक लहान वही ठेवीत आणि तिच्यात रोजची साखर लिहीत. शिक्षकांच्या खोलीत ती उघडीच पडलेली असे, कोणीही पाहावी. हळूहळू आणखी दोघांनी आपापले आकडे तिच्यात लिहिण्यास प्रारंभ केला. तिसरे आम्ही. आमचा आकडा पाहून त्यांनी लाल पेनाने त्याखाली रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते, ‘पुन्हा तपासा.’